माघातली गोधडी

दिवाळीची झाडलोट आटोपून, फराळाचे डबे फडताळात लावून, आता कुठे हा अंक हातात घेऊन तुम्ही टेकला असाल. अशा वेळी 'चला, सुई-दोरा काढा' म्हणणाऱ्या बाईला कोणी शहाणी म्हणायचे नाही. पण भिऊ नका. या सदरातून मी आजवर पडद्यांपासून पिशव्यांपर्यंत पुष्कळ कामे तुमच्या गळ्यात घातली, तरी आजचे काम आजचे नाही. ते संक्रांतीनंतरचे आहे. आज तुमच्याकडे एकच मागणे आहे. झाडलोटीत माळ्यावरून खाली आलेले ते गाठोडे एवढ्यात बोहारणीच्या पुढ्यात टाकू नका.

कोणते गाठोडे, हे मी सांगायला नकोच. ते प्रत्येक घरात असते. त्यात आईची दोन लुगडी असतात, वडिलांचे धोतर असते, मुलाचे पहिलीतले सदरे असतात, आणि लग्नाच्या वर्षी हौसेने घेतलेली, आता विटलेली एखादी सुती साडी असते. दर दिवाळीला ते खाली उतरते. कोणीतरी ते उघडते, 'अगं बाई, हे अजून आहे का!' म्हणते, पाच मिनिटे त्या कपड्यांवरून हात फिरवते आणि पुन्हा गाठ मारून वर ढकलते. टाकवत नाही आणि वापरवतही नाही. अशा कपड्यांचे करायचे काय? आपल्या आज्या-पणज्यांनी या प्रश्नाचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. त्यांनी त्याची गोधडी केली.

गोधडी थंडीत लागते, तेव्हा ती दिवाळीतच शिवायला घ्यावी, असे कोणालाही वाटेल. पण मला विचाराल तर मी माघ महिना सांगेन. एक तर मार्गशीर्ष-पौषात बोटे आखडतात आणि दिवस बघता बघता मावळतो. संक्रांत झाली की दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, ते शिवणाऱ्या बाईच्या सर्वांत आधी ध्यानात येते. कालपर्यंत साडेपाचला दिवा लावावा लागत होता आणि आज सहापर्यंत खिडकीत नेढे दिसते, हा आनंद तिलाच ठाऊक. दुसरे असे की, तोवर हळदीकुंकवांची धामधूम ओसरलेली असते आणि पापड-कुरडयांचा हंगाम अजून लांब असतो. गृहिणीच्या वर्षात असा मोकळा तुकडा दुसरा नाही. आंब्याला मोहोर आलेला, दुपारी खिडकीतले ऊन पाठीला गोड लागणारे, आणि पंखा लावावा की नाही असा संभ्रम पडावा अशी हवा. याच दिवसांत पांघरुणे उन्हात पडतात, आणि कोणते टिकले, कोणते विरले, हे उघड दिसते.

आणखी एक कारण आहे, आणि मला तेच मोठे वाटते. माघात शिवायला घेतलेली गोधडी यंदाच्या थंडीला उपयोगी पडत नाही. ती होईपर्यंत शिमगा दाराशी येतो. म्हणजे आपण शिवतो ते पुढच्या वर्षीच्या थंडीसाठी, बहुधा दुसऱ्या कोणासाठी. त्यामुळे त्या कामात घाई शिरत नाही. हात आपोआप संथ चालतो.

गेल्या माघात आमच्या घरी हे काम निघाले, त्याची हकीगत सांगते.

आमच्या सासूबाई जाऊन एकोणीस वर्षे झाली. त्या अखेरपर्यंत नऊवारी नेसत. त्यांची रोजच्या नेसणीतली सात सुती लुगडी एका पत्र्याच्या ट्रंकेत होती. त्यातली दोन-तीन मुंबईच्या गिरण्यांतली. १९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. तेव्हा त्या काठाचे लुगडे आज पैसे मोजूनही मिळायचे नाही. दर वर्षी ती लुगडी उन्हात घातली जात, डांबराच्या गोळ्या बदलल्या जात, आणि पुन्हा त्याच घडीत ती ट्रंकेत जात.

त्यांचे काय करावे, यावर घरात तीन मते होती. नाशिकच्या जाऊबाई म्हणत, "कुणा गरजवंताला देऊन टाका. सासूबाईंना तेच आवडलं असतं." आमच्या घरच्या मंडळींचे, म्हणजे यजमानांचे, मत असे की, ट्रंक काही खायला मागत नाही, तेव्हा राहू द्यावी. आणि ठाण्याच्या वन्संचे मत सर्वांत ठाम होते. मी एकदा नुसता गोधडीचा विषय काढला, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "वहिनी, आईच्या लुगड्याला कात्री लावायची? मी आहे तोवर तरी नाही."

यावर बोलायचे काय? माहेर आईबरोबर निम्मे जाते, आणि उरलेले निम्मे अशा एखाद्या ट्रंकेत असते. मी विषय मिटवला.

संक्रांतीला वन्सं आल्या होत्या. सुगडांखाली घालायला एखादा खण मिळतो का, म्हणून त्यांनी स्वतःच ती ट्रंक उघडली. वर सासूबाईंचे हिरवे लुगडे होते. ते त्यांनी उचलून झटकले मात्र, चारी घड्यांवर कापड आडवे उसवत गेले. ना कसर लागली होती, ना उंदराने कुरतडले होते. मधले कापड चांगले घट्ट होते, काठ तर नव्यासारखा. फक्त जिथे जिथे घडी होती, तिथे तिथे ते विरले होते. वन्संनी ते लुगडे खिडकीपाशी नेले. त्या रेघांतून उजेड आरपार दिसत होता. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे नुसतं ठेवून ठेवूनच गेलं म्हणायचं."

हे का होते, ते सांगायला हवे, कारण तुमच्याही माळ्यावर ते चालू असेल. सुताचा तंतू वर्षानुवर्षे एकाच जागी वाकलेला राहिला की तिथे तो थकतो आणि तुटतो. त्यात खळ राहिलेली असेल तर घडी अधिकच कडक होते, आणि खळीच्या वासावर कसर येते ती वेगळीच. पत्र्याची ट्रंक असेल तर दमट हवेत गंजाचे डाग पडतात आणि डागाखालचे कापड झडते. तेव्हा ज्यांना काही नुसतेच जपून ठेवायचे असेल त्यांनी एवढे तरी करावे. कपडा खळ काढून, धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावा. धुतलेल्या पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळावा, आणि दर वर्षी घडी बदलावी. शक्य असेल तर घडी घालूच नये, वळकटी करावी. पण खरे सांगायचे तर कापडाला सर्वांत मानवते ते वापरणे. वापरातल्या कपड्याची घडी रोज मोडते.

मी वन्संना म्हटले, "कात्री लावायची नाही ना? मग नका लावू. चौघडी करू. चौघडीला कात्री लागतच नाही."

नऊवारी लुगड्याचा हिशेब मोठा सोयीचा आहे. नऊ वारांची चौपदरी घडी घातली की सव्वादोन वार येतात, म्हणजे पावणेसात फूट. उंच माणसाचेही पाय आत राहतील. रुंदी साधारण सव्वा वार, म्हणजे पावणेचार फूट. एका माणसाचे पांघरूण झाले. दोन्ही लांब बाजूंना काठ आपोआप येतो, आणि घडी बेताने घातली तर पदर सर्वांत वर येतो. पाचवारी किंवा सहावारी साड्या असतील तर दोन घ्याव्यात, प्रत्येकीची दुपदरी घडी करून एकीवर एक ठेवावी. उबेसाठी मधे जुने धोतर किंवा चादर घालावी. आम्ही मामंजींची धोतरे घातली.

सातांपैकी तीन लुगडी धड निघाली, दोन अर्धी, आणि दोन अगदीच गेलेली. धड की गेलेले, हे डोळ्यांनी ठरवू नये. दोन अंगठ्यांच्या मधे कापड धरून हळूच ताणावे. ते टिकले तर वरच्या पदराला घ्यावे, चर्र आवाज आला तर आत घालावे किंवा त्याची ठिगळे करावीत. मग सगळे कपडे रात्रभर थंड पाण्यात भिजत घालून खळ काढावी, रिठ्याच्या पाण्यात धुवावेत, पिळू नयेत, सावलीत वाळवावेत. अस्तराला नवे कापड घ्यायचे असेल तर ते आधी दोनदा धुऊन घ्या. नवे कापड पाण्यात आटते, आणि मग जुन्याला ओढून फाडते. नायलॉन-टेरिलिनच्या साड्या मात्र या कामात घेऊ नका. त्या सुईखाली सरकतात, घाम टिपत नाहीत, आणि विस्तवाशी गाठ पडली तर वितळून अंगाला चिकटतात.

आता शिवण. जमिनीवर चटई घालून तिच्यावर लुगडे पसरावे, घरातल्या चौघांनी चार कोपरे धरावेत आणि सुरकुत्या मोडाव्यात. मग लांब लांब कच्चे टाके घालावेत. हे कच्चे टाके मधून कडेकडे घालत जायचे, म्हणजे उरलेली सुरकुती बाहेर निघून जाते. पक्का धावदोरा मात्र उलट, कडेकडून आत. काठाला लागून एक फेरी, तिच्या आत दोन बोटांवर दुसरी, अशा चौकटीत चौकट घालत मध्यापर्यंत यायचे. दोरा सुती, पिळाचा घ्यावा आणि मेणबत्तीवरून फिरवून घ्यावा, म्हणजे गुंतत नाही. एका वेळी दोन हातांपेक्षा लांब दोरा ओवू नये. सुई मोठ्या नेढ्याची असावी, आणि मधल्या बोटात अंगुस्तान हवेच. चार पदरांतून सुई ढकलताना त्याची किंमत कळते.

टाके किती पडतात? मी हिशेब केला आहे. दोन ओळींत दीड इंचाचे अंतर आणि इंचाला दोन टाके धरले, तर एका चौघडीला पाच हजारांच्या आतबाहेर टाके लागतात. आकडा ऐकून छाती दडपते खरी. पण सुईवर एका वेळी चार-पाच टाके चढतात आणि मग दोरा ओढला जातो. रोज दोनशे टाके म्हणजे पन्नासेक वेळा दोरा ओढणे, सवयीने अर्ध्या तासाचे काम. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली तर पंचवीस दिवसांत गोधडी हातावेगळी होते. रोजच्या दोनशे टाक्यांची गंमत अशी की, एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही, आणि सुई हातात असली की दोनशेवर कोणी थांबतही नाही.

वन्संनी मुक्काम वाढवला. जाऊबाई 'बघायला म्हणून' नाशिकहून आल्या, आणि दुसऱ्या दिवशी अंगुस्तान घालून बसल्या. मी, दोघी नणंद-भावजया आणि मधे सासूबाईंचे लुगडे, असे आम्ही रोज दुपारी चार वाजता बसू लागलो. यजमानांनी सुया ओवून देण्याचे खाते घेतले. चार सुया एकदम ओवून ते उशीला टोचून ठेवत आणि चहाची वाट बघत. हात गुंतलेले असले की तोंड मोकळे होते. एरवी आम्ही तिघी भेटतो त्या लग्नकार्यात, भरजरी साड्यांत, आणि बोलतो ते पाहुण्यांसारखे. इथे मान खाली, नजर टाक्यावर. समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघावे लागत नसले, की वर्षानुवर्षे अडकलेले शब्दही सुटतात. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात आपल्याला उशिरा कळवले गेले, ही वन्संच्या मनातली सल मला त्याच चटईवर प्रथम कळली. जाऊबाईंनी त्या आठवड्याची हकीगत, कोण कुठे धावत होते, फोन कसा लागत नव्हता, सगळी सांगितली. कोणी रडारड केली नाही. मधून मधून "अहो, तुमचा टाका सुटला बघा" एवढेच काय ते व्यत्यय. त्या दिवशी ओळ थोडी वाकडी गेली. ती तशीच ठेवली आहे.

तीन धड लुगड्यांच्या तीन चौघड्या झाल्या. एक आमच्याकडे, एक नाशिकला, एक ठाण्याला. उरली ती विरलेली चार लुगडी. ती तशीच गुंडाळून ठेवावीत, असे मी मनात धरले होते. एका दुपारी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, कात्री कुठंय?" त्यांच्या लेकीला दिवस गेलेले होते. त्यांनी ते हिरवे लुगडे पुढे ओढले, विरलेल्या घड्या सोडून मधल्या घट्ट कापडाचे चौकोन आखले, आणि स्वतःच्या हाताने कापले. साडेचार इंचांचा एक चौकोन कापला की चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जाऊन चार इंच उरतात. आठ ओळी, दर ओळीत दहा, असे ऐंशी चौकोन जोडले की बत्तीस इंच रुंद आणि चाळीस इंच लांब दुपटे होते. हिरवे, जांभळे, काळे, डाळिंबी. बाळंतविड्यात झबली-टोपडी-कुंचीबरोबर दुपटे असतेच, आणि ते जुन्या सुती लुगड्याचे असावे असे म्हातारी माणसे सांगत. त्यात शास्त्र आहे. शेकडो धुण्यांनी मऊ झालेले सूत तान्ह्याच्या कातडीला खुपत नाही, आणि ओलावा चटकन टिपते. पणजीचे लुगडे पणतीच्या अंगाखाली आले. वैशाखात पणती झाली, म्हणून सांगते.

ही रीत केवळ आपलीच आहे, असे मात्र नाही. फाटक्याला फाटके जोडून धड करण्याची कला फार जुनी आहे. विनयपिटकातल्या महावग्गात एक गोष्ट आहे. बांधांनी चौकोन पाडलेली मगधातली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला विचारले, भिक्षूंसाठी अशी चीवरे करता येतील का? आणि आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर करून दाखवले. बंगालच्या बायका कांथा शिवतात, तेव्हा जुन्या साडीच्या काठातला रंगीत दोरा उसवून त्याच दोऱ्याने तिच्यावर मासे, हत्ती आणि कमळे काढण्याची तिथे पूर्वापार चाल. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायकांची कवंदी आपल्या गोधडीची सख्खी बहीण शोभते. तीही कडेपासून सुरू होऊन फेऱ्या घेत मध्यावर येते. चारी कोपऱ्यांना त्या दुमडलेल्या तुकड्यांची फुले लावतात, आणि शेवटचा मधला तुकडा बंद करण्याआधी तिच्यात तांदळाचे चार दाणे घालतात. गोधडीचे पोट रिकामे राहू नये म्हणून!

आणि सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. ज्यांचे वाडवडील तिथल्या मळ्यावर गुलाम होते, अशा गरीब घरांतल्या बायका थंडीसाठी चिंध्यांची पांघरुणे शिवीत आल्या. मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली, नवरा वारल्यावर, त्याच्या शेतावरच्या कामाच्या कपड्यांचे तुकडे जोडून एक गोधडी शिवली. हाताशी लेक होती. नवऱ्याची आठवण राहावी आणि तिच्याखाली निजता यावे, एवढाच हेतू. पुढे २००२ साली या वस्तीतल्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, आणि २००६ साली त्यांची टपालाची तिकिटे निघाली. जगाने त्यांना चित्रे म्हटले. पण त्या बाईने ती पांघरण्यासाठीच शिवली होती, हे विसरायचे नाही. आमच्या ट्रंकेपाशी जो प्रश्न पडला, तोच तिला पडला असेल, आणि तिलाही तेच उत्तर सापडले.

आता तुमच्या शंका. पहिली शंका अशी की, बाजारात तयार रजई स्वस्त मिळते, मग एवढी यातायात कशाला? मिळते, खरेच स्वस्त मिळते, आणि नुसती ऊब हवी असेल तर तीच घ्यावी. गोधडी ही काटकसर राहिलेली नाही, हे मला मान्य आहे.

दुसरी शंका, मशीनवर का नको? चौकोन जोडायला मशीन खुशाल वापरा. पण जुन्या कापडाच्या चार पदरांवर हाताचाच टाका बरा. मशीन इंचाला दहा-बारा भोके पाडते, आणि विरत चाललेले कापड त्या भोकांच्या ओळीवर टिकलीसारखे फाटते. हाताचा टाका इंचाला दोन. शिवाय तो थोडा सैल असतो, त्यामुळे पांघरूण अंगाबरोबर वळते.

तिसरी शंका, डोळे साथ देत नाहीत, वेळ नाही, कोणी सोबतीला नाही. तर हल्ली जुन्या साड्या घेऊन गोधडी शिवून देणाऱ्या बायका आणि बचतगट पुष्कळ ठिकाणी आहेत. त्यांच्याकडून करून घेण्यात कमीपणा नाही. कच्चे टाके तेवढे आपण घालावेत, आणि मधली शेवटची ओळ आपल्या हाताची असावी.

आणि बोहारणीवर माझा राग नाही, हेही सांगून ठेवते. जे कपडे अजून कोणाच्या अंगावर चार वर्षे निघतील, ते माळ्यावर कुजवणे पाप आहे. ते द्यावेत, आणि हसतमुखाने द्यावेत. जाऊबाईंचे म्हणणे त्यापुरते सोळा आणे खरे. गोधडी आहे ती ज्यांना घेणारे कोणी नाही आणि ज्यांना सोडवत नाही, अशा कपड्यांसाठी. आणि तेही सगळे नव्हेत. आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार? गाठोड्यातले पाच-सहा कपडे निवडा, बाकीच्यांना निरोप द्या. निवडतानाच मनाची निम्मी शिवण होते.

तयार झालेली गोधडी पुन्हा ट्रंकेत गेली, तर मात्र केलेले सगळे पाण्यात. ती अंथरा, पांघरा, पाहुण्याला द्या, मुलांना तिचा तंबू करू द्या. वर्षातून एक-दोनदा धुवा. खेड्यापाड्यांत नवरात्राआधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर जातात, तोच मुहूर्त आपणही धरावा. भिजलेली गोधडी फार जड होते, तेव्हा एका दोरीवर टांगू नका, टाके ओढले जातात. गच्चीवर पसरा किंवा दोन दोऱ्यांवर मिळून घाला. एखाद्या जागी विरली तर वरून ठिगळ लावा. गोधडीला ठिगळ लागणे म्हणजे तिचे वय वाढणे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. वन्सं परवा फोनवर सांगत होत्या की, त्यांच्या चौघडीवर नातीने दूध सांडले आणि डाग काही निघत नाही. मी म्हटले, "असू द्या." त्या म्हणाल्या, "मी कुठं काढायला बसलेय!"

तेव्हा भगिनींनो, गाठोडे वर टाकण्याआधी एकदा सोडा. एकेक कपडा उजेडात धरून बघा. जो अजून धड आहे त्याची घडी आजच बदला, आणि संक्रांतीपर्यंत बाजूला ठेवा. तिळगूळ द्यायला जाल तेव्हा जावेला, नणंदेला, बहिणीला, जिच्याशी बरेच दिवसांत नीट बोलणे झालेले नाही अशा कोणाला तरी, 'दुपारची चार वाजता येत जा' एवढे सांगून या. मोठ्या नेढ्याच्या सुयांची एक पुडी जास्तीची आणून ठेवा. ती लागेल.